काम दुसऱ्याचें, जबाबदारी कोणाची?

पुणें-सातारा मार्गावर कामथडीजवळ एखादी मोटार बिघडली, तर उतारू खालीं उतरतात, झाडाच्या सावलींत बसतात आणि दुरुस्ती होईपर्यंत चालकाला बोल लावतात. आकाशांत ही सोय नाहीं. तेथें जें सांभाळावयाचें तें जमिनीवरच सांभाळून घ्यावें लागतें. पण जमिनीवरचें हें काम पुष्कळदां विमान चालविणारी कंपनी स्वतः करीत नाहीं. कंत्राट घेऊन दुसरीच कोणी संस्था तें करीत असते. या परक्या हातांवर कायद्याची नजर कशी पडली, हा इतिहास बोधप्रद आहे.

आपल्याकडे कामाची ही वांटणी पहिल्या दिवसापासून दिसते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, ते अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादेस त्यांच्या विमानाचें पेट्रोल बर्मा-शेल कंपनीनें डब्यांत भरून चक्क बैलगाडीनें आणलें होतें! पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें निकामी होई, तेव्हां ही टपालसेवा पुण्यास हलवावी लागे. पण त्या वेळीं कंपनीचा संस्थापकच वैमानिक होता. काम देणारा व उड्डाण करणारा यांच्यामध्यें तिसरा कोणी नव्हता. १९३४ चा विमान-कायदा व १९३७ चे नियम झाले, त्यांचेंही लक्ष मुख्यतः विमान आणि वैमानिक यांवरच होतें.

पुढें व्यवहार वाढला आणि मध्यें माणसें वाढलीं. याची कठोर परीक्षा थंड देशांत झाली. पंखावर खरकागदासारखा पातळ, खडबडीत थर जरी गोठला, तरी विमानास उचलून धरणारी पंखाची शक्ति घटते. म्हणून उड्डाणापूर्वीं ग्लायकॉल व ऊन पाणी यांच्या मिश्रणानें पंख धुतात.

१३ जानेवारी १९८२ रोजीं वॉशिंग्टन येथें एअर फ्लोरिडा कंपनीच्या विमानाचे पंख कंत्राटानुसार अमेरिकन एअरलाइन्सच्या नोकरांनीं धुतले. फवाऱ्याचें मूळ तोंड बदलून भलतेंच बसविलेलें होतें. त्यामुळें मिश्रण ठरल्यापेक्षां पातळ झालें. त्यानंतर पाऊण तासाहून अधिक वेळ विमान हिमवर्षावांत खोळंबलें. उडतांच तें पुलावर आदळून पोटोमॅक नदींत कोसळलें. विमानांतील ७९ पैकीं अवघे पांच वांचले. पुलावरील चौघेही प्राणांस मुकले. चौकशींत मुख्य दोष वैमानिकांच्या निर्णयास लागला, परंतु पंख धुणाऱ्यांच्या चुकाही उघड झाल्या.

एवढ्यानें डोळे पूर्ण उघडले नाहींत. २२ मार्च १९९२ रोजीं न्यूयॉर्क येथें दोनदां पंख धुतलेलें विमान सुमारें पस्तीस मिनिटें थांबलें, पुन्हां बर्फ धरलें आणि २७ जीव गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेनें नवा नियम लागूं केला. पंख धुण्याची मान्य पद्धति प्रत्येक कंपनीनें ठरवावी, द्रवाचा परिणाम किती वेळ टिकतो याच्या मर्यादा पाळाव्या, आणि शिक्षण केवळ वैमानिकांस नव्हे, तर कंत्राटी माणसांसही द्यावें, असें त्यांत स्पष्ट लिहिलें. ‘कंत्राटी’ हा एक शब्द कायद्यांत येण्यास किती जीव मोजावे लागले!

भारतांत जमिनीवरील विमानसेवांसंबंधीं २०१७ सालीं नियम झाले. सुरक्षा-मान्यतेवांचून कोणत्याही संस्थेस हें काम करतां येत नाहीं. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अमलांत आला आहे. पुण्या-मुंबईस बर्फ पडत नाहीं. पण तेथेंही विमानास शिडी लावणारे, सामान चढविणारे, पेट्रोल भरणारे हात परकेच असूं शकतात. बैलगाडी गेली, प्रश्न राहिला. कंत्राटानें काम दुसऱ्यास सोंपवितां येतें. जबाबदारी मात्र सोंपवितां येत नाहीं.