एका शब्दाचा पाठलाग

शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे 'झेड' हा चित्रपट पाहताना माझे कान एकाच शब्दावर खिळून राहतात. तो शब्द म्हणजे 'अपघात'.

मूळ प्रसंग ग्रीसमधला. २२ मे १९६३. थेसालोनिकी शहरात शांतता सभा आटोपून खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस बाहेर पडले. पेशानं डॉक्टर, तरुणपणी लांब उडीतले विजेते. चौकात पोलीस बंदोबस्त होता. तरीही एक तीनचाकी टेम्पो भरधाव आला आणि मागच्या माणसानं त्यांच्या डोक्यात दांडकं घातलं. पाच दिवसांनी लाम्ब्राकिस वारले. पोलीस म्हणाले, वाहनाचा अपघात!

हा शब्द टिकला नाही. काही पत्रकारांनी साक्षीदार शोधून काढले. चौतिशीतले तपास न्यायाधीश ख्रिस्तोस सार्त्झेटाकिस दबावाला बधले नाहीत. धागा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला. पण १९६६ च्या खटल्यात टेम्पोवरच्या दोघांना शिक्षा झाली; अधिकारी सुटले. १९६७ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि पुढे न्यायाधीशांनाच पदावरून काढून तुरुंगात टाकलं.

व्हासिलिस व्हासिलिकोस यांनी यावर कादंबरी लिहिली. कोस्ता-गाव्रास यांनी १९६९ मध्ये चित्रपट केला. ग्रीसमध्ये चित्रीकरण अशक्य, म्हणून अल्जीयर्सच्या रस्त्यांवर. त्यात कॅमेरा घेऊन मारेकऱ्यांचा माग काढणारा वार्ताहर आहे. न्यायाधीश आधी 'घटना' एवढंच म्हणतात. पुरावे साचत जातात, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडी 'खून' येतो. शेवटी शिक्षा होते ती वार्ताहरालाही. गुन्हा काय? सरकारी कागद उघड केले!

मग पडद्यावर लष्करी राजवटीनं बंदी घातलेल्या गोष्टींची यादी येते. तिच्यात एक अक्षरही आहे: झेड. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'तो जिवंत आहे'. आमच्या घरच्या उर्दूत अक्षराला 'हर्फ' म्हणतात, आणि 'हर्फ आना' म्हणजे नावाला बट्टा लागणं. त्या राजवटीवर खरोखरच एक हर्फ आला होता.

१९७४ मध्ये ती राजवट कोसळली. १९८५ मध्ये तेच सार्त्झेटाकिस ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे २०१२ मध्ये दिबाकर बॅनर्जींनी त्याच कादंबरीवरून 'शांघाय' केला. तिथंही वाहन येतं, माणूस पडतो आणि शब्द तयारच असतो.

म्हणून बातमीत 'अपघात' वाचला, की हा शब्द आधी कुणी उच्चारला, एवढं तरी आपण विचारावं.