मों ब्लांची पहिली वाट

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांच्या हद्दी जिथे एकमेकींच्या जवळ येतात, तिथे शामोनी नावाची एक चिंचोळी दरी आहे. दरीतील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि त्याच्या माथ्यावर मों ब्लां, म्हणजे ‘शुभ्र पर्वत’, उभा आहे. त्याची उंची ४,८०० मीटरांहून थोडी अधिक; आल्प्स पर्वतराजीतील हे सर्वोच्च शिखर होय. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दरीतील माणसांना ते रोज दिसत होते, परंतु तेथवर नेणारी वाट कोणालाही ठाऊक नव्हती. गुराखी कुरणांपर्यंत जात, शिकारी रानबोकडांच्या मागे कड्याकपारी धुंडाळीत, आणि काही धाडसी माणसे खडकांतील स्फटिक काढून ते विकून पोट भरीत. त्यापलीकडच्या बर्फाशी मनुष्याचे काही काम आहे असे कोणी मानीत नव्हते.

ते काम विज्ञानाने निर्माण केले. १७६० साली जिनीव्हाचा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा वीस वर्षांचा विद्वान तरुण शामोनीला आला. शिखरावर जाऊन हवेचा दाब, उष्णतामान आणि पर्वताची उंची मोजावी, ही त्याची आकांक्षा. जो कोणी शिखरावर जाणारी वाट शोधून काढील त्याला बक्षीस देण्याचे त्याने जाहीर केले. पण पुढची सव्वीस वर्षे त्या बक्षिसावर कोणाला हक्क सांगता आला नाही. १७७५ मध्ये शामोनीचे चार रहिवासी बऱ्याच उंचीपर्यंत जाऊन परत आले. १७८५ मध्ये खुद्द सोस्यूरने पश्चिमेच्या बाजूने प्रयत्न केला, तोही अर्ध्यावर सोडावा लागला.

या अपयशांच्या मुळाशी कड्यांइतकीच एक समजूतही होती. बर्फावर रात्र काढणारा मनुष्य जिवंत राहत नाही, अशी दरीतील लोकांची खात्री होती. त्यामुळे जो कोणी चढे तो अंधार पडण्यापूर्वी उतरण्याच्या घाईत असे. आणि एवढा पर्वत एका दिवसात चढून उतरणे तर शक्यच नव्हते. १७८६ च्या जून महिन्यात झाक बाल्मा नावाचा चोवीस वर्षांचा स्फटिक शोधणारा तरुण आपल्या सोबत्यांपासून मागे राहिला आणि त्याला ती रात्र हिमनदीवर एकट्याने काढावी लागली. सकाळी तो धडधाकट खाली आला. वाट अद्याप सापडली नव्हती. पण वाटेवरचा सर्वांत मोठा अडथळा त्या रात्री दूर झाला.

त्याच गावात मिशेल-गाब्रिएल पाकार हा एकोणतीस वर्षांचा डॉक्टर राहत होता. त्याचे शिक्षण तुरिनला झालेले, आणि वृत्ती शास्त्रज्ञाची. गेली तीन वर्षे तो निरनिराळ्या बाजूंनी पर्वताची चाचपणी करीत होता, दुर्बिणीतून उतारांचे निरीक्षण करीत होता. १७८६ च्या ऑगस्टमध्ये ही दोन माणसे एकत्र आली. एकाजवळ बर्फावरचा सराव व काटक शरीर, दुसऱ्याजवळ अनेक वर्षांचा अभ्यास व शिखरावर नेण्यासाठी वायुभारमापक. ७ ऑगस्टला ती निघाली. बोसाँ आणि ताकोना या दोन हिमनद्यांच्या मधोमध जो डोंगराचा सोंड उतरतो, त्याच्या माथ्यावर त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पहाटेच भेगांनी चिरफाळलेली हिमनदी ओलांडून, वरच्या विस्तीर्ण हिमपठारावरून डावीकडच्या तीव्र उतारावर ती चढू लागली. कमरेला दोर नव्हता, हातात बर्फ तोडण्याची कुऱ्हाड नव्हती. होत्या फक्त लोखंडी टोकाच्या लांब काठ्या.

खाली शामोनीत त्या दिवशी एक प्रवासी दुर्बीण लावून बसला होता. हा जर्मनीतील गर्लिट्झ भागातला सरदार फॉन गेर्सडॉर्फ. त्याने दोघांच्या हालचाली घड्याळ पाहून टिपल्या, त्यांच्या मार्गाचे रेखाचित्र काढले. सायंकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी दोन काळे ठिपके शिखरावर पोचल्याची त्याची नोंद आहे. सुमारे अर्धा तास ते तिथे होते. त्या थंडीत पाकारने आपली निरीक्षणे केली. रात्री चंद्रप्रकाशात दोघे खाली उतरले. दुसऱ्या दिवशी गावात पोचले तेव्हा बर्फाच्या तेजाने डॉक्टरचे डोळे मिटून गेले होते.

बक्षीस बाल्माने घेतले. पाकारने त्यावर हक्क सांगितला नाही. तो मोबदला रास्तच होता. वाद निर्माण झाला तो श्रेयाचा. जिनीव्हाचा गायक व चित्रकार मार्क-तेओदोर बूरी याने स्वतः मों ब्लांवर अनेकदा प्रयत्न केले होते आणि ते सर्व फसले होते. त्याने लगोलग एक पत्रक छापून मोहिमेचे सारे यश बाल्माच्या पदरात टाकले. पाकारने बाल्माच्या सहीचे निवेदन मिळवून प्रसिद्ध केले; स्वतःचे पुस्तक निघणार असल्याचे जाहीरही केले. परंतु ते पुस्तक बाहेर पडले नाही. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १७८७ रोजी, बाल्मा आणि इतर वाटाडे बरोबर घेऊन सोस्यूर शिखरावर गेला, आणि जगाचे लक्ष त्याच्याकडे वळले. पाकार १८२७ मध्ये वारला. त्यानंतर पाच वर्षांनी अलेक्झांडर ड्यूमा या विख्यात कादंबरीकाराला वृद्ध बाल्मा भेटला, आणि त्याने सांगितलेली हकीकत ड्यूमाने आपल्या रसाळ लेखणीने लिहिली. त्या हकीकतीत डॉक्टर थकून खाली बसतो, बाल्मा एकटा शिखर गाठतो, आणि मग मागे येऊन डॉक्टरला जवळजवळ ओढत वर नेतो. खंडन करण्यास पाकार हयात नव्हता. १८८७ मध्ये शामोनीच्या चौकात पुतळे उभारले गेले ते सोस्यूर आणि बाल्मा यांचे. बाल्मा हात उंचावून शिखर दाखवीत आहे. पाकारला त्या चौथऱ्यावर जागा मिळाली नाही.

या अन्यायाचे परिमार्जन कागदांनी केले. गेर्सडॉर्फची टिपणे गर्लिट्झला जपून ठेवलेली होती. १९१३ मध्ये हाइनरिख ड्यूबी या स्विस संशोधकाने पाकार व बाल्मा यांच्या वादावर ग्रंथ लिहून जुन्या पुराव्यांची छाननी केली; १९५७ मध्ये ग्रॅहम ब्राउन व गॅव्हिन द बीअर या ब्रिटिश संशोधकांनी तेच काम आणखी विस्ताराने पुरे केले. एकाने दुसऱ्याला ओढत नेल्याचा कुठलाही पुरावा तिऱ्हाइताच्या टिपणांत नाही. दोघे चढले आणि दोघेही पोचले, एवढेच ती सांगतात. अखेर १९८६ मध्ये, त्या चढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, पाकारचा पुतळा शामोनीत उभा राहिला.

‘पहिला कोण?’ हा प्रश्न आपल्याकडेही अपरिचित नाही. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोचले, आणि ते काठमांडूला उतरतात न उतरतात तोच याच प्रश्नाने त्यांना घेरले. दोघांनी बरोबरच पोचल्याचे सांगून तो टाळला. पुढे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, पहिले पाऊल हिलरीचे होते, हे तेनसिंगने स्वतःच सांगून टाकले. ज्याच्या बाजूने सारा देश उभा होता त्यानेच सत्य सांगितले, म्हणून तो वाद तिथेच मिटला. बाल्माजवळ एवढे मनाचे मोठेपण असते तर पाकारला दोनशे वर्षे वाट पाहावी लागली नसती.

परंतु पर्वतावरची वाट दोघांचीसुद्धा नसते. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या तुकडीवर याच जुन्या वाटेवर हिमलोट कोसळला. प्येर कारिए, प्येर बाल्मा आणि ऑग्युस्त तेराझ हे तीन वाटाडे हिमभेगेत गाडले गेले. पुढच्याच वर्षी शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला, आणि चढाईचा मार्गही बदलत गेला. १८२७ मध्ये हिमलोटांचा तो उतार टाळणारी वाट सापडली. १८६१ मध्ये लेस्ली स्टीफन व टकेट यांनी मेल्खियोर आंडेरेग व इतर वाटाड्यांसह गूते शिखराकडून बोस धारेने शिखर गाठले. आजचे बहुसंख्य गिर्यारोहक ज्या मार्गाने जातात तो साधारणपणे हाच. त्याच १८६१ साली बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी त्या तीन वाटाड्यांचे अवशेष वर आले. हिमनदीच्या गतीवरून फोर्ब्स या शास्त्रज्ञाने आधीच सांगून ठेवले होते की, सुमारे चाळीस वर्षांनी ते बाहेर पडतील.

त्या हिमनदीशी भारताचेही एक दुःखद नाते आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे विमान मों ब्लांवर आदळून ४८ जण दगावले; त्यांत बहुतेक भारतीय खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे विमान त्याच परिसरात कोसळले आणि ११७ जण मृत्युमुखी पडले. डॉ. होमी भाभा त्यांपैकीच एक. तेव्हापासून बोसाँ हिमनदी त्या विमानांचे अवशेष तुकड्यातुकड्यांनी खाली आणीत आहे. २०१२ मध्ये भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली तिथे सापडली.

१९५० च्या अपघाताची वार्ता कळताच शामोनीहून एक शोधपथक वर निघाले. अनोळखी देशाची ती माणसे जिवंत असतील या आशेने, हिवाळा तोंडावर असतानाही, ते त्या बर्फात शिरले. पथकातला रने पायो हा वाटाड्या परत आला नाही. भाभांचे नाव भारतात सर्वांना ठाऊक आहे. त्या खलाशांची आणि त्यांच्यासाठी प्राण देणाऱ्या या वाटाड्याची नावे मात्र फारशी कोणाला माहीत नाहीत. मों ब्लांच्या वाटेचा इतिहास सांगताना पाकारबरोबर त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.