ड्रायव्हर गाडीतच होता

पुणे, १८ मे २०२४, शनिवार.

रात्री १०.४०
बारावीचा निकाल साजरा करायला मित्रांचं टोळकं एका पबमध्ये शिरतं. यजमान सतरा वर्षांचा मुलगा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. दारात कुणी वय विचारलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

१२.१०
नव्वद मिनिटांचं बिल ४८ हजार. इथे आता दारू मिळणार नाही म्हटल्यावर मंडळी दुसऱ्या पबकडे निघतात. रात्र अजून आवरता आली असती.

दुसऱ्या पबमधून निघताना
गाडी पोर्शे टायकन. कोट्यवधींची, पण १,७५८ रुपयांचं शुल्क न भरल्यामुळे कायम नोंदणी नसलेली. आणि सोबत घरचा पगारी ड्रायव्हर.

मला या रात्रीतली हीच वेळ सगळ्यात अवघड वाटते. ३१ डिसेंबर आला की वाहतूक पोलिसांपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळे एकच बजावतात: प्यायचं असेल तर ड्रायव्हर न्या. इथे तो नेलेला होता. तरी स्टिअरिंगवर मुलगाच बसला. ज्याच्या घरून पगार येतो त्याला किल्ली नाकारायची, हे सांगायला सोपं. ड्रायव्हर नेणं पुरत नाही. त्याचा नकार चालवून घ्यायची तयारी प्यायच्या आधीच, घरातल्या मोठ्यांनी दाखवावी लागते.

अडीचच्या सुमारास
कल्याणीनगर. भरधाव गाडी मोटारसायकलला मागून धडकते. मोटारसायकलवरचे दोघे, एक तरुण आणि एक तरुणी, मूळचे मध्य प्रदेशचे, आयटी अभियंते. दोघंही २४ वर्षांचे. दोघंही गेले. जमाव मुलाला पकडून पोलिसांच्या हवाली करतो.

आता दुसरं घड्याळ सुरू होतं, रक्तातलं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला, त्याच मापात, साधारण १५ मिलिग्रॅम दारू संपवतं. म्हणजे अडीच वाजता एखाद्याच्या रक्तात १५० असेल, तर अकरापर्यंत ती पंचविसाच्याही खाली येते. कुणी काही न करताही तो माणूस कागदावर निर्दोष ठरू शकतो.

सकाळी ११
ससून रुग्णालयात रक्त घेतलं जातं. साडेआठ तास उलटून गेलेत. तेवढ्या उशिरावरही भरवसा नसावा: पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो नमुना कचऱ्यात गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं रक्त ठेवलं गेलं. पुढे रुग्णालयातले दोन डॉक्टर अटकेत गेले.

त्याच दिवशी
बाल न्याय मंडळाकडून जामीन. अटींमध्ये अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध. शहर खवळलं ते या निबंधावर.

संध्याकाळ
औंधच्या रुग्णालयात पुन्हा रक्त घेतलं जातं. डीएनए तपासणीत दोन्ही नमुने वेगवेगळ्या माणसांचे निघतात. अदलाबदल उघडी पडली ती यामुळे. अडीच वाजता त्या मुलाच्या रक्तात किती दारू होती, हे मात्र संध्याकाळच्या नमुन्यातून कळण्यासारखं राहिलं नव्हतं.