कागदातून गाळलेला उजेड

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आकाशकंदिलात 40 चा बल्ब असायचा. नुसत्या बल्बकडे पाहवत नसे. त्याच्याभोवती कागद आला की पाहतच राहावंसं वाटे. कागदाने उजेड तर कमीच केला ना? मग तो हवाहवासा का झाला?

बल्बची तापलेली तार म्हणजे जवळजवळ एक टिंब. सगळा प्रकाश तिथून येतो, म्हणून तो डोळ्यांत खुपतो, सावल्याही धारदार पडतात. कागदाच्या तंतूंमध्ये शिरलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. मग टिंब उरत नाही, अख्खा कागदच दिवा होतो. कंदील जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ.

हे ओळखून काम करणारे एक शिल्पकार म्हणजे इसामु नोगुची. वडील जपानी कवी, आई अमेरिकन. 1942 मध्ये अमेरिकेत जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत धाडलं जात होतं. न्यूयॉर्कवासी नोगुचींवर सक्ती नव्हती, तरी ते आपणहून ॲरिझोनातल्या छावणीत गेले. 1951 साली हिरोशिमाला जाताना ते गिफू या गावी थांबले. गाव कागदी कंदिलांसाठी प्रसिद्ध, पण धंदा बसत चाललेला. त्यात काही नवं करा, अशी तिथल्या महापौरांनी त्यांना विनंती केली.

तिथली रीत अशी: लाकडी साच्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, वर तुतीच्या सालीचा कागद चिकटवायचा. वाळला की साचा सुटा करून तोंडातून काढून घ्यायचा. कंदील घडी होऊन सपाट बसतो. नोगुचींनी ही रीत मोडली नाही. कागदावरची चित्रं काढून टाकली, मेणबत्तीच्या जागी वीज आणली आणि आकार मात्र शिल्पकाराचे दिले. नाव ठेवलं ‘अकारी’, म्हणजे उजेड.

त्याच सुमारास हिरोशिमात त्यांनी शांतिउद्यानाजवळच्या दोन पुलांचे कठडे केले. मृतांच्या स्मारकाचा त्यांचा आराखडा मात्र 1952 मध्ये नाकारला गेला. ते अमेरिकन होते, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. छावणीत जपानी ठरलेला माणूस इथे अमेरिकन ठरला!

आम्ही तत्त्वज्ञानवाले प्रकाश म्हणजे ज्ञान असं शिकवत आलो. जितका जास्त, तितका चांगला. पण 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर जो लखलखाट झाला, त्याने माणसांच्या सावल्या दगडावर उमटवल्या. त्यानंतर ते समीकरण तसंच्या तसं शिकवता येत नाही. प्रकाशाचं प्रमाण कोण ठरवतं, आणि तो माणसाला सोसेल का, हे विचारावंच लागतं.

1986 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात नोगुची अमेरिकेचे प्रतिनिधी होते. तिथे त्यांनी हे कंदीलही मांडले. कागदाचे दिवे म्हणजे काय शिल्प, असं काहींना वाटलं असेल. आम्हाला विचाराल तर स्मारक नाकारलं गेलेल्या माणसाने हिरोशिमाला दिलेलं उत्तर त्या कागदात आहे.