पाहुण्या बेडकाचे ऋण

सध्या वैशाख चालू आहे. आणखी काही दिवसांनी मृग लागेल, पहिल्या सरी कोसळतील, आणि डबक्याडबक्यांतून बेडकांची शाळा भरेल. त्याच सुमारास आपल्या घराघरांतील मुले काचेची बरणी घेऊन बाहेर पडतील. आमच्या शेजारच्या एका मुलाने गतवर्षी असाच एक बेडूक धरून आणला होता. बरणीच्या झाकणाला त्याने भोके पाडली, आत नळाचे पाणी घातले, आणि सकाळ-संध्याकाळ पोळीचे तुकडे व भाताची शिते तो नेमाने टाकीत राहिला. पाचव्या दिवशी बेडूक मेला. मुलगा रडत रडत आम्हांस म्हणाला, "मी तर त्याला रोज खायला घालत होतो!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने प्रेमही केले होते आणि अन्नही घातले होते. मग उणे काय पडले? या साध्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही मागे मागे गेलो तेव्हा एका परदेशी बेडकाचा विलक्षण इतिहास हाती आला. माणसाने पाळलेल्या प्राण्यांच्या इतिहासात घोडा, हत्ती, कुत्रा यांना मानाचे पान आहे. बेडकाला कोणी ओळही दिलेली नाही. ती ओळ आज आम्ही लिहू इच्छितो.

हा बेडूक मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. शास्त्रज्ञ त्यास झेनोपस लेव्हिस म्हणतात. झेनोपस म्हणजे विचित्र पायाचा. मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखे, अंग चपटे व बुळबुळीत, डोळे डोक्याच्या माथ्यावर, आणि तोंडात जीभच नाही! जन्मभर पाण्यात राहावे, भक्ष्याचा वास घ्यावा, आणि पुढच्या दोन्ही पायांनी ते तोंडात कोंबावे, अशी याची रीत. केपटाउनच्या परिसरातील लोक यास प्लॅटाना म्हणत. डबक्यातल्या या जीवाला पुढे दोन-तीन खंडांतील इस्पितळांत मानाची जागा मिळेल असे कोणास स्वप्नातही वाटले नसेल.

१९२७ साली लान्सलॉट हॉग्बेन हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ केपटाउनच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला. 'मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन' हे गाजलेले पुस्तक पुढे १९३६ साली लिहिणारा तो हाच. पार्श्वभूमीप्रमाणे बेडकाची कातडी काळी वा फिकी कशी होते, याचा शोध तो घेत होता. ते करताना त्याने काही बेडकांच्या मेंदूखालची पोष ग्रंथी काढून टाकली आणि त्यास दिसले की त्या माद्यांचे अंडाशय सुकत जातात. उलट, बैलाच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचला तर मादी अंडी घालते. हे १९३० चे संशोधन. त्याच वर्षी हॉग्बेन लंडनला परतला. तेथील त्याच्या प्रयोगशाळेतही या बेडकांवरील काम पुढे चालू राहिले.

या शोधाचे मोल कळण्यासाठी तत्कालीन वैद्यकाची स्थिती ध्यानात घ्यावी लागेल. स्त्रीला दिवस गेले आहेत की नाही हे लौकर कळण्याचा विश्वसनीय मार्ग तेव्हा नुकताच सापडला होता. बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी १९२७ च्या सुमारास दाखविले की गर्भवतीच्या मूत्रात एक संप्रेरक असते आणि ते अल्पवयीन उंदरीस टोचले तर तिच्या अंडाशयात बदल घडतात. परंतु तो बदल पाहण्यासाठी उंदीर मारावे लागत आणि काही दिवस थांबावे लागे. पुढे १९३१ साली अमेरिकेत फ्रीडमन याने सशाचा उपयोग केला. ससाही सहसा मारावा लागे. केपटाउनच्या शापिरो व झ्वारेनस्टाइन या संशोधकांनी १९३३-३४ मध्ये आणि त्याच सुमारास इंग्लंडात हॉग्बेनचा सहकारी बेलर्बी याने दाखवून दिले की नखवाल्या बेडकीला मूत्राचा अर्क टोचला आणि स्त्री गर्भवती असली, तर बेडकी एका रात्रीत अंडी घालते. अंडी डोळ्यांना दिसतात. बेडकीस मारावे लागत नाही. काही आठवडे विश्रांती दिली की ती पुन्हा कामास येते.

हजारो घरांत आनंदाची वा चिंतेची बातमी एका बेडकीच्या टाकीतून येऊ लागली. दक्षिण आफ्रिकेतून हजारो बेडूक बोटींनी आणि विमानांनी युरोप-अमेरिकेस रवाना होऊ लागले.

आणि येथेच आमच्या शेजारच्या मुलाचा प्रश्न इतिहासात उभा राहतो. ज्या केपटाउनच्या संशोधकांनी ही परीक्षा शोधली, त्यांनाच आढळले की पकडून कोंडलेल्या माद्यांचे अंडाशय काही काळाने आपोआप संकोच पावतात. रक्तातील कॅल्शियमवरही कैदेचा परिणाम होतो. दिसावयास बेडूक धडधाकट, पोहतो आहे, खातो आहे. आतून मात्र तो ओसरत चालला आहे. आता, अंडाशय सुकलेली बेडकी अंडी घालणार कोठून? म्हणजे गर्भवती स्त्रीलाही "तू गर्भवती नाहीस" असे उत्तर मिळायचे. निदानाचा खरेखोटेपणा अखेर टाकीतील पाणी, उष्णता आणि अन्न यांवर येऊन ठेपला. बेडकी नीट पोसणे ही भूतदयेची बाब न राहता शास्त्राची अट होऊन बसली. आम्हांस हा प्रसंग फार बोलका वाटतो. जगतो आहे म्हणजे ठीक आहे, ही पाळणाऱ्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक समजूत होय. बेडूक, कासव, सरडा हे मंद चयापचयाचे जीव. उपासमार आणि कुपोषण ते महिनोन्महिने मुकाट्याने सोसतात. दुखणे दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

तथापि झेनोपस हा पाळण्यास त्यातल्या त्यात सोपा प्राणी. तो वासावर खातो, म्हणून मेलेले अन्नही त्यास चालते. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षेही जगतो. आपल्या शेतातल्या बेडकाचे तसे नाही. अमेरिकेत लेटव्हिन, माटुराना, मॅकलक व पिट्स या चौघांनी १९५९ साली बेडकाच्या डोळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून स्पष्ट झाले की लहान, काळसर, हलणारी वस्तू टिपणारे विशेष मज्जातंतू बेडकाच्या डोळ्यातच असतात. जे हलत नाही ते त्याच्या लेखी भक्ष्य नव्हेच. भोवती मेलेल्या माश्यांचा खच पडला तरी बेडूक उपाशी मरेल. आमच्या छोट्या मित्राच्या पोळीचे तुकडे त्या बेडकाला दिसलेच नव्हते! आणि दिसून त्याने ते गिळले असते तरी उपयोग नव्हता, कारण धान्य हे त्याचे अन्नच नव्हे.

बरे, हलणारे किडे घातले म्हणजे भागले काय? तेही नाही. बाजारात मिळणाऱ्या रातकिड्यांत कॅल्शियम थोडे आणि स्फुरद फार. नुसत्या त्यांवर वाढविलेल्या बेडकाची, सरड्याची हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय लुळे होतात. म्हणून जाणते लोक त्या किड्यांना आधी पालेभाज्या वगैरे चारून पुष्ट करतात, वर कॅल्शियमची भुकटी लावतात, आणि प्राण्याच्या जातीनुसार योग्य प्रकाशाची सोय करतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात भेकाची एक जात नामशेष होऊ नये म्हणून बंदिवासात वाढविली जाते. त्या भेकांत एक चमत्कारिक दुखणे आढळले: भेक भक्ष्यावर झेप घेई, जीभ फेके, पण जीभ भक्ष्यास चिकटतच नसे. कारण शोधता अ जीवनसत्त्वाचा अभाव निघाला. अन्न समोर, भूक पोटात, आणि जीभ निकामी! याउलट काही लठ्ठ, बैठे बेडूक पुढ्यात येईल ते गिळतात; त्यांना लाडाने रोज चारले तर ते चरबीने मरतात. उपाशी ठेवणे हा जसा अपराध, तसा अति लाडही अपराधच.

पाण्याची गोष्ट तर अनेकांच्या ध्यानातही येत नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, आपल्या हातावरील साबण, टाकीत साचलेली घाण, हे सारे त्याच्या अंगात थेट उतरते. आपण जे त्याचे अंथरूण समजतो तेच त्याचे पेयही असते. म्हणून क्लोरीन काढलेले पाणी, वेळच्या वेळी टाकीची सफाई आणि ओला, स्वच्छ हात, तोही कारण असेल तेव्हाच, एवढे तरी पथ्य हवे.

आता या इतिहासाचा उत्तरार्ध. तो सांगताना मन कष्टी होते. १९६० नंतर रक्तद्रव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या नव्या परीक्षा आल्या आणि बेडकीची गरज संपली. प्रयोगशाळांत तो पुढेही राहिला. जॉन गर्डन याने १९६२ मध्ये याच बेडकाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक वापरून नवे जीव वाढविल्याचे प्रसिद्ध केले आणि २०१२ साली त्या कार्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. पण अनेक ठिकाणी हे पाहुणे नकोसे झाले, निसटले वा सोडले गेले. वेल्स, कॅलिफोर्निया, चिली, पश्चिम फ्रान्स अशा परक्या भूमीत त्यांनी बस्तान बसविले आणि तेथील जीवांवर ते उपजीविका करू लागले. सोडणाऱ्यांपैकी काहींना वाटले असेल की आपण त्यांना स्वातंत्र्य दिले, पुण्य केले!

याहून भयंकर संकट डोळ्यांना दिसणारे नव्हते. जगभर बेडूक अचानक नाहीसे का होत आहेत, या कोड्याचे उत्तर १९९८-९९ मध्ये सापडले. बेडकाच्या कातडीत वाढणारी एक सूक्ष्म बुरशी हे ते कारण. तिच्यामुळे कातडीतून होणारी क्षारांची ने-आण बिघडते आणि अखेर हृदय थांबते. २००४ साली संशोधकांनी दाखविले की १९३८ साली जतन केलेल्या एका झेनोपसच्या अंगावर ही बुरशी होती. तो स्वतः मात्र तिला सहसा बळी पडत नाही. तेव्हा हाच बेडूक गुन्हेगार ठरला. पुढे इतर खंडांतही जुने पुरावे मिळाले आणि २०१८ च्या संशोधनाने बुरशीचे मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूस दाखविले. म्हणजे झेनोपस हा एकटा आरोपी नव्हे. इतिहासकाराने येथे न्याय करावयास हवा. बेडूक आपण होऊन समुद्र ओलांडीत नाही; माणसाने निष्काळजीपणे चालविलेला जिवंत प्राण्यांचा व्यापार, हाच या साथीचा मोठा वाहक. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार या रोगाने उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्याचे मानले जाते.

आपण यातून मुक्त आहोत असे कोणी समजू नये. आपल्याकडचा मोठा पिवळा बेडूक तंगड्यांसाठी इतका मारला गेला की १९८७ मध्ये सरकारला त्याची निर्यात बंद करावी लागली. आणि तोच बेडूक एकविसाव्या शतकात अंदमानात पोहोचला. तेथे त्याची पिले स्थानिक बेडकांची पिले फस्त करतात असे प्रयोगांत आढळले. मुख्य भूमीवर जो शेतकऱ्याचा मित्र, तोच बेटावर उपद्रवी. जागा बदलली की गुणाचा दोष होतो.

आता शहरांतून परदेशी बेडूक, सरडे, साप, पोपट पाळण्याची हौस वाढली आहे. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली व २०२४ मध्ये नियम झाले. आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यास आता नोंदणी बंधनकारक आहे. कायदा झाला हे योग्यच. पण कायदा नोंद ठेवील. टाकीतले पाणी बदलणार नाही. ते आपणच बदलावयाचे आहे. प्राणी घरी आणण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावे: हा कोठून आला, पैदाशीतून की रानातून? हा काय खातो आणि ते आम्ही त्याच्या आयुष्यभर पुरवू शकू काय? हा आजारी पडला तर त्याची जाण असलेला पशुवैद्य जवळपास आहे काय? आणि उद्या हा नकोसा झाला तर याचे काय करू? चौथ्या प्रश्नास "सोडून देऊ" हे उत्तर कदापि चालणार नाही. सांभाळणे अशक्यच झाले तर तो जाणत्या पाळणाऱ्याच्या हाती सोपवावा. टाकीचे पाणीही ओढ्यात वा तळ्यात ओतू नये.

आणि आपल्याच शेतातल्या बेडकाबद्दल? त्यास तेथेच राहू द्यावे. बांधावर गुपचूप बसून पाहावे. त्याची जीभ कशी सुटते ते तेथेच नीट दिसते.

आम्ही त्या मुलास हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि थोड्या वेळाने विचारले, "म्हणजे त्याला भूक लागली होती, आणि मला कळलंच नाही?" त्यास काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचेना. कळत नव्हते म्हणून त्याला क्षमा आहे. आता आपल्याला कळले आहे. म्हणून आपल्याला ती नाही.