गहाण पडलेला जिल्हा

माझे वडील तहसील कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. उर्दू आणि मोडीतले जुने कागद वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. एकदा दोन सावकार एकाच शेताची दोन गहाणखतं घेऊन आले. शेतमालक तोवर परागंदा झालेला. दोघांचं भांडण ऐकून वडील म्हणाले, "पहिला हक्क कुणाचा, ते कोर्ट ठरवील. पण यंदा हे शेत पेरणार कोण?"

पुढे इतिहास वाचताना हाच प्रश्न मला पुन्हा भेटला आणि या वेळी गहाण पडलेलं शेत म्हणजे आपला जिल्हाच होता. 1853 ते 1860 अशी सात वर्षं धाराशिव कर्जापोटी इंग्रजांच्या ताब्यात होतं.

त्या काळी निजामाचा खजिना रिकामा आणि दारात देणेकऱ्यांची रांग. पहिली मोठी पेढी विल्यम पामर कंपनीची. तिचं व्याज जबर. 1823 मध्ये तिचं देणं भागवण्यासाठी उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून दरसाल मिळणारी 7 लाखांची पेशकश निजामाने सुमारे 1 कोटी 16 लाखांवर कायमची सोडली. एक कर्ज फिटलं, पण कायमचं एक उत्पन्न गेलं. पुढच्याच वर्षी पामरची पेढीही बुडाली.

मग आली पेस्तनजी विकाजी यांची पारशी पेढी. तिच्या कर्जाला तारण होते वऱ्हाडातले महाल. दिवाण चंदुलाल गेल्यानंतर, 1845 मध्ये, दरबाराने ते महाल काढून घेतले. पेढी इंग्रजांच्या दारी दाद मागत राहिली. शिवाय अरब जमादार होते. थकलेल्या पगारापोटी आणि दिलेल्या कर्जापोटी त्यांनी तालुकेच्या तालुके धरून ठेवले होते.

सगळ्यात बलवान देणेकरी मात्र ईस्ट इंडिया कंपनी. तिच्या देखरेखीखाली 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. पगार थकला की कंपनी तो भरायची आणि निजामाच्या नावे मांडायची. असं करत करत देणं 50 लाखांच्या घरात गेलं.

21 मे 1853 रोजी नासिर-उद-दौला निजामाने नाइलाजाने तहावर शिक्का केला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव कंपनीकडे गेले. या तहात महसुलाच्या वाटपाचा क्रमच घालून दिला होता. आधी फौजेचा पगार, आप्पा देसाईंची चौथ, महिपतरामाच्या कुटुंबाचा तनखा. मग कंपनीच्या कर्जावर 6 टक्के व्याज. उरलं तर निजामाला. जे वऱ्हाड पेस्तनजींना तारण होतं, तेच आता कंपनीचं तारण झालं. रांगेत पेस्तनजी आधी उभे होते, पण फौज कंपनीकडे होती.

हे देणं वसूल कुठून व्हायचं? नळदुर्गच्या, तुळजापूरच्या काळ्या रानातून. ज्या कुणब्याने या कर्जातला एक छदाम पाहिला नव्हता, त्याच्याच ज्वारीवर हा बोजा होता. न्यायाने हेही सांगायला हवं, की इथे अधिकारी म्हणून आलेल्या मेडोज टेलरने नळदुर्गला राहून जमिनीची मोजणी आणि रस्त्यांची कामं हाती घेतली. धनकोने तारण नीट राखलं, असं म्हणू या. पण राखलं, ते तारण म्हणूनच.

1857 मध्ये हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. त्याचं बक्षीस म्हणून डिसेंबर 1860 च्या तहात 50 लाखांचं देणं माफ झालं; धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र तिकडेच राहिलं. 1902 मध्ये ते 25 लाख रुपये सालाच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं. आपण गहाण पडलो, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही. सुटलो, तेव्हाही नाही.

आज कंपनी बुडाली, तर वसुलीचा क्रम 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात लिहिलेला आहे. कामगारांचा 24 महिन्यांचा पगार तारणदार बँकांच्या बरोबरीने बसवला आहे, ही मोठी सुधारणा. पण उधारीवर माल घातलेला शेतकरी सरकारी देण्यांच्याही मागे उभा असतो.

म्हणून एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर बँकेची नोटीस दिसली, की मला वडिलांसमोरचे ते दोन सावकार आठवतात. त्या दिवशी दोघेही आपापला कागद घडी घालून निघून गेले. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही. त्या वर्षी ते शेत पडीक राहिलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)