मतदार यादीसाठी खोटी माहिती दिली तर शिक्षा काय?

मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सहीच्या वर एक घोषणा छापलेली असते. बहुतेक जण ती न वाचताच सही करून मोकळे होतात. जोखीम तिथेच आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 31 नुसार यादीत नाव घालणे, काढणे किंवा दुरुस्त करणे यासाठी जाणूनबुजून लेखी खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'जाणूनबुजून' हा शब्द लक्षात ठेवा. 'शेख'चे 'शैख' झाले, वडिलांच्या नावात मात्रा चुकली, म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. फॉर्म 8 भरायचा, काम झाले.

आम्हाला पालक सर्वांत जास्त विचारतात ते लग्न झालेल्या मुलीबद्दल. माहेरी नाव आहे, सासरीही हवे, मग नवा फॉर्म 6 भरला तर? भरू नका. त्यात 'माझे नाव इतर कोणत्याही मतदारसंघात नाही' असे लिहून द्यावे लागते, म्हणजे घोषणा खोटी झालीच. कलम 17 प्रमाणे एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात राहू शकते. पत्ता बदलण्यासाठीही आता फॉर्म 8 च आहे. कामासाठी पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या मुलांनाही हेच लागू. गावात वडिलोपार्जित घर आहे, एवढ्यावर तिथला मतदार होता येत नाही.

दुसऱ्याच्या नावावर मत मागणे किंवा एकदा मत देऊन त्याच निवडणुकीत पुन्हा मागणे हा वेगळा गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 174 मध्ये त्यालाही एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही आहेत.

आता दुसरी बाजू, जी आपल्या वस्त्यांत कमी लोकांना माहीत असते. कुणी फॉर्म 7 भरून 'ही व्यक्ती इथे राहत नाही' असे खोटेच कळवले, तर कलम 31 त्यालाही लागते. आणि राहत नाही म्हणून नाव काढायचे असेल तर कलम 22 प्रमाणे अधिकाऱ्याने आधी तुमचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. नोटीस आली की घाबरून घरी बसू नका, राहण्याचे पुरावे घेऊन सुनावणीला जा. अधिकाऱ्याने विनाकारण कर्तव्यात कसूर केली तर कलम 32 मध्ये तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड आहे. मात्र तो खटला निवडणूक आयोग किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशाने केलेल्या तक्रारीवरच चालतो.

नाव निघालेच तर आदेशापासून 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.